पापडाच्या पिठातल्या सुया

परीक्षेच्या आधीच्या त्या सुट्टीत आमच्या घरात स्वस्थ बसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. आईने आणि आत्याने उडदाचे पापड काढले होते. सकाळपासून स्वयंपाकघरात पीठ कुटण्याचे ठोके सुरू होत, बत्त्याला तेल लावून एक दमली की दुसरी. त्या ठोक्यांनी मधल्या खोलीतल्या कपाटाच्या काचा थरथरत. मी हातात फिजिक्सचं पुस्तक घेऊन दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत असे. बसले की झोप यायची आणि झोपले की छातीत धडधड व्हायची, म्हणून चालणंच बरं वाटे. आमची इमारत अंधेरीला स्टेशनापासून जरा आत होती. वरून मधूनच एखादं विमान इतक्या खालून जाई की आत्या पिठाचे हात तसेच वर धरून थांबायची, आणि ते गेलं की पुन्हा कुटायला लागायची. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले की चपला काढता काढता म्हणत, "नीलू, बस की गं कुठेतरी. खालच्यांना वाटेल वर पलटण उतरली आहे." मी दोन मिनिटं बसे. मग पुन्हा उठे.

पुस्तकाची मला भीती नव्हती. व्याख्या मला तोंडपाठ होत्या, तशा त्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कुठल्याही मुलीला असत. आम्हाला शाळेत पाठ करणं आणि सुंदर अक्षर काढणं या दोन गोष्टी इतक्या पक्क्या शिकवल्या होत्या की तिसरं काही असतं याची शंकाही आली नव्हती. माझी अडचण वेगळी होती आणि ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोघादोघांची जोडी असे. माझी जोडीदारीण होती कुंदा, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची आणि माझी आई तिच्याकडूनच घ्यायची, हे आम्हा दोघींना मैत्री होऊन बरेच दिवस झाल्यावर कळलं. कुंदाचे हात कधी रिकामे राहत नसत. टेबलावर उपकरण आलं की ती बाह्या सरसावून पुढे होई. फिरव, ढकल, जुळव, आणि आकडा मोठ्याने सांग. मी स्टुलावर बसून तो आकडा लिहून घेई. पहिल्या दिवशी हे असं झालं, आणि मग वर्षभर तसंच चालू राहिलं. त्यात दोघींची सोय होती. तिला लिहिण्याचा कंटाळा आणि इंग्रजीची धास्ती. मला चारचौघांत काही करायची लाज. सर टेबलापाशी आले की माझ्या वहीतल्या ओळी बघून "व्हेरी नीट" म्हणत आणि पुढे जात.

शेवटच्या प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं की परीक्षेत प्रत्येकाने एकेकट्याने काम करायचं, चिठ्ठीत येईल तो प्रयोग. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. पण ते मला ऐकू आलं त्या दिवशी. मी समोर बघितलं. टेबलावर लाकडी पट्टी होती, तिच्यावर स्टँडमधलं भिंग आणि दोन पिना. माझ्या लक्षात आलं की या वस्तूचं नाव, आकृती, सूत्र, चुका टाळण्याच्या सूचना, सगळं मला येतं, आणि यातल्या एकाही गोष्टीला मी कधी बोट लावलेलं नाही.

जिन्यात मी कुंदाला गाठलं. "कुंदा, मला काहीच येत नाही."

"चल गं. तुला नाही तर कोणाला?"

"तसं नाही. मी कशालाच हात लावलेला नाही. वर्षभर."

ती हसायला लागली. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं. "आयला, खरंच की," ती म्हणाली. "वाट लागली तुझी."

प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागे. तिथे नापास झालं की लेखी पेपरात कितीही मार्क मिळोत, वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर माझं काय होणार हे घरात आधीच ठरलेलं होतं. मी सायन्सला जाणं आत्याला मुळातच पसंत नव्हतं. ती बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली, आणि घरात तिचा शब्द सहसा मोडला जात नसे. बाबांनी मधला मार्ग काढला होता. "एक वर्ष बघू," ते म्हणाले होते, "नाही जमलं तर मुकाट्याने आर्ट्सला." मी मुकाट्याने हो म्हटलं होतं. मी सगळंच मुकाट्याने करत असे. पण सायन्स मला हवं होतं. का हवं होतं ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगू शकते, पण आजची कारणं त्या मुलीच्या तोंडी घालणं बरोबर नाही. तिला एवढंच कळत होतं की आर्ट्सच्या इमारतीकडे बघितलं की आपल्याला गुदमरल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा आमच्या दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत केळीच्या पानात बांधलेली मांदेली. "आईने दिलीत काकूंसाठी," ती आत्याला म्हणाली, आणि आत्याच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. आम्ही मासे खाणारे; ताज्या मांदेल्यांपुढे आत्याची मतं फार वेळ टिकत नसत. कुंदाने आल्याआल्या खोलीभर नजर फिरवली. घरात एक भिंग होतं. त्यातून आत्या पोथी वाचायची. कुंदाने ते सरळ मागितलं.

"आणि मी काय करू?" आत्या म्हणाली.

"तुम्ही पापड लाटा ना. संध्याकाळी परत देते."

असं आत्याशी कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आत्याने भिंग दिलं. कुंदाने जेवणाचं टेबल ओढून खिडकीला काटकोनात लावलं. भिंगाचा दांडा तांदूळ भरलेल्या लोटीत रोवला. आईच्या स्वेटरच्या सुया आणल्या आणि त्या कशात उभ्या करायच्या म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पापडाच्या पिठाचे दोन गोळे उचलून आणले. ते पीठ मेणासारखं घट्ट, त्यात सुई अगदी ताठ उभी राही. एक सुई भिंगाच्या अलीकडे, एक पलीकडे खिडकीच्या बाजूला. उरलेलं पीठ आम्ही तेलात बुडवून खाल्लं. हिंग, पापडखार आणि मिऱ्यांची ती चव अजूनही माझ्यासाठी फिजिक्सची चव आहे; आता बाजारातून लाट्या मिळतात, त्या आणल्या की मी एक तरी तशीच कच्ची खाते.

"आता इथे उभी राहा. एक डोळा बंद. भिंगात बघ. काय दिसतं?"

काहीच दिसेना. मग मागे सरले, जरा खाली वाकले, आणि एकदम भिंगात पलीकडची सुई दिसली, उलटी, वरून खाली लोंबणारी. मागे समोरची इमारतही उलटी, तिची गॅलरी उलटी, दोरीवरचे कपडे आभाळाकडे ताठ उभे. मी घाईघाईने डोळा उघडला. वर्षभर मी "इन्व्हर्टेड इमेज" हे शब्द किती वेळा लिहिले असतील. ती उलटी असते म्हणजे अशी उलटी असते, हे मला माहीत नव्हतं.

खरी गंमत पुढेच होती. अलीकडची सुई पुढेमागे सरकवत अशा जागी आणायची की तिचं टोक आणि त्या उलट्या सुईचं टोक एकमेकांना टेकेल. पण नुसतं टेकलेलं दिसणं पुरत नाही. मान डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं. दोन्ही टोकं एकमेकांना न सोडता बरोबर हलली तर ती एकाच जागी आहेत. सुटी झाली तर तुम्ही फसलात. सुटी झालेल्यांपैकी कुठली लांबची तेही त्यावरून कळतं. "तुझ्या मानेबरोबर जाईल ती लांबची," कुंदाने सांगितलं, "लक्षात ठेव, बाकी पुस्तक गेलं उडत."

मी मान हलवायला लागले. टोकं सुटी व्हायची. सरकवायची, पुन्हा मान, पुन्हा सुटी. पाच-सात वेळा झालं की पाठ भरून यायची, मिटलेल्या डोळ्याला पाणी यायचं. "कुंदा, बघ ना झालं का."

"मी नाही बघणार."

"एकदाच."

"मी बघितलं की तू लिहायला बसशील. माझा चष्मा लावून किती दिवस जगणार गं?" आणि ती गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून माझ्या वहीतली व्हायव्हाची इंग्रजी उत्तरं घोकत राही. "द फोकल लेंग्थ... इज द डिस्टन्स... बिट्वीन..." मधूनच थांबून विचारी, "बिट्वीन की फ्रॉम?" ते मला सांगता येत असे. माझ्या वाट्याचं समाधान तेवढंच.

असे बरेच दिवस गेले. सकाळी उजेड खिडकीतून यायला लागला की आम्ही सुया उभ्या करत असू. आत्या येता-जाता बघे. "सुयांना मुंडी हलवून कसलं नाही-नाही म्हणते ही? शिकून डोकं फिरतं म्हणतात ते असं." आई मात्र पीठ मळताना दोन गोळे आपणहून बाजूला काढून ठेवी. मला काही जुळत नव्हतं. कधी वाटे जुळलं, पण खात्री वाटत नसे. आणि खात्री करून देणारी उंबऱ्यावर पाठ फिरवून बसलेली. जेवताना, आंघोळ करताना, झोपायला पडल्यावरही माझी मान आपोआप जराशी हलायची.

आणि एका सकाळी समोरच्या इमारतीतल्या दिघेबाई आल्या.

निमित्त चैत्रातल्या हळदीकुंकवाचं होतं. बोलावणं झालं, आईने पन्हं दिलं, ते पिऊन झालं, तरी बाई उठेनात. आमच्याकडे, म्हणजे टेबल, सुया आणि आम्ही दोघी, अशा सगळ्याकडे त्यांनी दोन-तीनदा बघितलं. मग आईकडे वळून आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कसं सांगू, वहिनी. तुमची मुलगी शांत. कधी वर मान करून बघत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणून तर नवल वाटलं."

"काय झालं?"

"रोज सकाळी या खिडकीशी उभी राहून डोळा मारते हो. आमच्या गॅलरीकडे बघून. आणि वर मान हलवून नाही-नाही म्हणते. आमच्या सुहासला कळेना, बोलावते आहे की हाकलते आहे. चांगला बँकेत नोकरीला मुलगा, हल्ली दिवसातून दोनदा दाढी करायला लागलाय!"

स्वयंपाकघरातला बत्ता थांबला. आईच्या हातात पन्ह्याचा रिकामा पेला तसाच राहिला. आत्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आणि मग, मला वाटतं, आपलंच खरं ठरल्याचा थोडा आनंद दिसला. माझे कान इतके तापले की मला बाकीचे आवाज ऐकू येईनात. मला एवढं कळत होतं की आता संध्याकाळी हे बाबांच्या कानावर जाणार, खिडकी बंद होणार, कुंदाचं येणं बंद होणार, आणि परीक्षेत मी त्या टेबलापुढे पुतळ्यासारखी उभी राहणार.

"काकू, ती सुहासला नाही डोळा मारत," कुंदा म्हणाली. "सुईला मारते."

"सुईला?"

"ही काय समोर आहे ती. नीले, सांग ना. तोंड आहे ना तुला? आणि मराठीतून सांग हां."

मी तोंड उघडलं. मनात सगळी वाक्यं इंग्रजीत रांगेने उभी होती आणि त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. दिघेबाई वाट बघत होत्या, आत्या वाट बघत होती. मग मी एक गोष्ट केली जी मी शुद्धीवर असताना केली नसती. दिघेबाईंच्या दंडाला धरलं आणि त्यांना टेबलाच्या टोकाशी आणून उभं केलं. "काकू, इथून बघा. एक डोळा मिटा."

त्यांना एक डोळा मिटता येईना. दोन्ही मिटत. मी त्यांचाच पदर त्यांच्या डाव्या डोळ्यावर धरला. "आता त्या भिंगात बघा. हळू. जरा मागे या."

"अगोबाई," दिघेबाई म्हणाल्या. "आमची बिल्डिंग उलटी!"

"बिल्डिंग नका बघू. सुई दिसते?"

"दिसते. उलटीच. आणि खालून दुसरी सुई आली आहे, तिच्या टोकाला टेकली आहे."

"आता मान हलवा. थोडी इकडे, थोडी तिकडे. त्या दोघी एकमेकींना सोडतात का, ते सांगा."

दिघेबाई मान हलवू लागल्या. अंगाने भारदस्त बाई, नथ घालून आलेल्या. पदराने एक डोळा झाकून, खिडकीकडे तोंड करून, मोठ्या गंभीरपणे नाही-नाही करत होत्या. समोरच्या गॅलरीत त्या वेळी सुहास होता की नाही ते मी बघितलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कारण त्या सुया त्या सकाळी मी लावल्या होत्या, आणि त्या बरोबर होत्या का ते मला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "कुठे सोडतात? दोघी एकदमच जातायत. इकडे तर इकडे, तिकडे तर तिकडे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! मला एका डोळ्याने दिसत नाही की काय?"

कुंदा उंबऱ्यावरून उठली. पहिल्यांदाच तिने येऊन भिंगात बघितलं, मान हलवली, आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी टेबलावर आदळले आणि सुया पडल्या. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्या पुन्हा लावायच्या होत्याच, कारण आता आत्याला बघायचं होतं. आत्याला एक डोळा झकास मिटता येत होता. तिने बराच वेळ बघितलं. पोथीच्या भिंगातून पोथी सोडून काही दिसतं हे तिला आवडलं की खटकलं ते कळलं नाही. पण त्या दिवसापासून ती भिंग आम्ही मागायच्या आधी आणून ठेवी. दिघेबाई निघाल्या तेव्हा मात्र मला त्यांचा चेहरा किंचित उतरलेला वाटला. आज इतक्या वर्षांनी मला खात्रीच वाटते की बाई तक्रार घेऊन आल्या होत्या त्याहून जास्त चौकशीला आल्या होत्या. सुहासचं पुढच्या वर्षी ठाण्याच्या मुलीशी लग्न झालं. लग्नात त्याने माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.

निकालाचं सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी वाचणाऱ्याला नको. मी पास झाले आणि सायन्समध्येच राहिले. मार्क बेताचे होते. कुंदालाही बेताचेच मिळाले, आणि तिला त्यांचा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. पण मला आठवते ती परीक्षेची दुपार.

कुंदाची बॅच दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे त्या हॉलमध्ये माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. मी चिठ्ठी उचलली. भिंग आलं नाही. सोनोमीटर आला. एक लांब लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली तार, तारेखाली दोन सरकते लाकडी त्रिकोण. कागदाचा बारीक तुकडा मधोमध दुमडून तारेवर घोड्यावर बसवल्यासारखा बसवायचा. ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याचा दांडा पेटीवर टेकवायचा आणि त्रिकोण सरकवत राहायचं. तारेचा सूर फोर्कच्या सुराशी जुळला की तार थरारते आणि कागद उडून पडतो. हे सगळं मला पाठ होतं. मी फोर्क रबरावर आपटला. पहिल्यांदा इतका हळू की वाजलाच नाही, दुसऱ्यांदा इतका जोरात की पुढच्या टेबलावरच्या मुलाने वळून बघितलं. कागद आपला तारेवर बसलेला. मी त्रिकोण सरकवला. पुन्हा फोर्क. कागद ढिम्म. अर्धा वेळ असाच गेला. वळून बघणारा तो मुलगा केव्हाच लिहायला बसला होता. त्यालाही सोनोमीटरच आला होता, आणि त्याच्या तारेवर कागदसुद्धा नव्हता. आमच्यात हे सगळेच करत. उत्तर किती यायला हवं ते माहीत असे, त्यावरून उलटं गणित करून आकडे मांडायचे. आणि माझ्या तर डोक्यात आकड्यांची अख्खी रांग तयार होती, कुंदाने सांगितलेली आणि मी सुवाच्य लिहिलेली. पेन उचललं की झालं असतं. मी पेन उचललंसुद्धा. मग ते खाली ठेवलं आणि त्रिकोण केसभर पुढे ढकलला.

कागद थरथरला. मी श्वास रोखून अजून केसभर ढकलला, फोर्क पुन्हा वाजवला, टेकवला, आणि कागद टुणकन उडून पेटीवरून खाली जमिनीवर गेला.

"उडाला!" मी ओरडले.

सगळी डोकी वळली. बाहेरून आलेले परीक्षक, टक्कल पडलेले, जाड काचांचा चष्मा लावलेले, खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी तारेकडे बघितलं, जमिनीवरच्या कागदाकडे बघितलं, आणि माझी वही उघडली. वर्षभराचे प्रयोग, प्रत्येकाखाली सही, सोनोमीटरसुद्धा.

"हे तुम्ही आधी केलेलं आहे," ते मराठीत म्हणाले. "मग पहिल्यांदाच बघितल्यासारखं काय ओरडता?"

नेहमीसारखं मी खाली बघून गप्प राहिले असते तर ते बहुधा निघून गेले असते.

"पहिल्यांदाच बघितला, सर," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. मला वाटलं, संपलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "परत उडवून दाखवा."

मी त्रिकोण मुद्दाम जागेवरून हलवला, म्हणजे आयतं जुळलं असं त्यांना वाटायला नको. कागद फाडला, दुमडला, तारेवर बसवला. फोर्क वाजवला, टेकवला, सरकवत नेला. ते हलले नाहीत आणि मीही घाई केली नाही. कागद थरथरला, मग उडाला. परीक्षक खाली वाकले, तो तुकडा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला आणि ते पुढच्या टेबलाकडे, त्या लिहीत बसलेल्या मुलाकडे गेले.